50 प्रती म्हणजे 200 वाचक नव्हेत

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. तालुक्याच्या गावातली शाळा, तिला जोडून कनिष्ठ महाविद्यालय. गावातली एक पतसंस्था नववी ते बारावीच्या मुलांसाठी अर्थविषयक दैनिकाच्या 50 प्रती वर्षभर द्यायला तयार आहे, पण संचालक मंडळ म्हणतं, ‘वाचक किती होतील ते लेखी द्या.’ मुख्याध्यापकांचं म्हणणं, एक प्रत चार मुलं बघतात, 200 लिहून टाका. आणि मॅडमनी शेवटी लिहिलंय: ‘मागच्या वर्षी काही प्रती आल्या होत्या. मुलं मथळ्याच्या पुढे गेलीच नाहीत. मग हा आकडा कोणत्या तोंडाने लिहू?’

मॅडम, 200 लिहू नका. मी नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात 26 वर्षं वाणिज्य शाखेला शिकवलं, त्यातली 17-18 वर्षं वर्गात अर्थविषयक पेपर चालवला. सुरुवातीला मीही असाच गुणाकार करून अहवाल दिले आहेत. त्या अहवालांनी पेपर चालू राहिला, वाचन नाही.

आधी ही ‘एका प्रतीला चार’ची भानगड कुठून आली ते बघू, म्हणजे मुख्याध्यापकांशी बोलताना तुमच्या हातात काहीतरी राहील. आपल्याकडे खप मोजणारी संस्था म्हणजे ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स, 1948 पासूनची. ती दर सहा महिन्यांनी विकल्या गेलेल्या प्रती तपासून दाखला देते. तिचा संबंध प्रतीशी. ती प्रत कोणी उघडली की नाही, हा तिचा विषय नव्हे. वाचक मोजायचा तो इंडियन रीडरशिप सर्व्हे, त्याचे शेवटचे आकडे 2019 चे. त्यात घरोघरी जाऊन 12 वर्षांवरच्या माणसांना विचारायचे की हा पेपर शेवटचा कधी वाचलात. महिनाभरात कधीतरी वाचला असेल तर तो माणूस एकूण वाचकांत धरला जायचा. दैनिक काल वाचलं असेल तरच तो सरासरी अंकाचा वाचक. एकाच पेपरचे हे दोन आकडे एकमेकांपासून खूप लांब असायचे. जाहिरातीत मोठा छापायचे.

खपाने वाचकसंख्येला भागलं की ‘प्रतीमागे वाचक’ हा आकडा मिळतो. घरात आजोबा, वडील, आई, थोरली मुलगी असे एकामागून एक पेपर घेतात, सलूनमध्ये दिवसभर तोच पेपर दहा हातांत जातो, तिथे तो खरा आहे. वर्गात चार मुलांच्या बाकावर एक पेपर ठेवला की एक जण धरतो, एक जण बाजूने बघतो आणि दोघं खिडकीतून बाहेर. तासाची घंटा होते. त्या पेपरचा वाचक एकच, फार तर दीड.

म्हणून पतसंस्थेला एक आकडा देऊ नका, तीन द्या. पेपर किती मुलांपर्यंत पोचू शकतो, हा पहिला. शेवटचा अंक किती मुलांनी खरंच उघडला, हा दुसरा. किती मुलांना त्यातली एक बातमी स्वतःच्या शब्दांत सांगता येते, हा तिसरा. पहिला आकडा हजेरीपटावरून मिळतो आणि त्याला फारशी किंमत नाही. दुसरा आणि तिसरा काढायला शुक्रवारची दहा मिनिटं लागतात.

आमची पद्धत अशी होती. शुक्रवारी शेवटच्या तासाला कोऱ्या चिठ्ठ्या वाटायच्या. नाव लिहायचं नाही. फळ्यावर त्या आठवड्यातले पाच मथळे लिहायचे. त्यांतले चार खरे, पाचवा मी रचलेला, पण पटेल असा. ‘यातले कोणते वाचले?’ एवढंच विचारायचं आणि खाली दोन ओळी रिकाम्या ठेवायच्या, एका बातमीत काय होतं ते लिहायला. पहिल्यांदा हे केलं तो दिवस मला लख्ख आठवतो. त्याच्या आदल्याच दिवशी मी वर्गात विचारलं होतं, ‘पेपर कोण कोण वाचतं?’ तर जवळजवळ सगळे हात वर. चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा निम्म्याहून जास्त मुलांनी माझ्या खोट्या मथळ्यावर खूण केलेली, आणि खालच्या दोन ओळी भरणारी मुलं दोन बाकांवर मावली असती.

मुलं खोटारडी नव्हती. मास्तर विचारतात तेव्हा ‘हो’ म्हणायचं हे आपणच त्यांना शिकवलेलं असतं. म्हणून चिठ्ठीवर नाव नको, तिला गुण नकोत, आणि कमी आकडा आला म्हणून वर्गावर चिडायचं तर अजिबातच नाही. एकदा चिडलात की पुढच्या शुक्रवारपासून चिठ्ठ्या मुलांबद्दल काही सांगणार नाहीत, तुमच्या रागाबद्दलच सांगतील.

आणखी एक तपासणी आहे, तिला मुलांना काही विचारावंच लागत नाही. शनिवारी जमा झालेल्या प्रती हातात घेऊन बघा. मधली पानं अजून करकरीत असतील, घडीवर घडी बसलेली असेल, तर तो अंक उघडलेला नाही. बाजारभावाचं पान मऊ पडलं असेल, कोपऱ्याला डब्यातल्या भाजीचं तेल लागलं असेल, मोटारसायकलची जाहिरात कापून नेलेली असेल, तर हात फिरलेत. आमच्याकडे पहिल्या वर्षी आठ-दहा गठ्ठे सुतळीसकट रद्दीत गेले. शिपाईमामांनी मला बोलावून दाखवले म्हणून कळलं. माझ्या अहवालात त्या गठ्ठ्यांचेही वाचक धरलेले होते.

आता मूळ दुखणं. मुलं मथळ्याच्या पुढे का जात नाहीत?

कारण हा पेपर त्यांच्यासाठी लिहिलेलाच नसतो. ज्याचा पैसा बाजारात आहे, ज्याचं दुकान किंवा कारखाना आहे, त्याला सकाळी निर्णय घ्यायला उपयोगी पडावा म्हणून तो निघतो. काल काय झालं हे त्याला ठाऊक आहे असं धरून आजची बातमी सुरू होते. पंधरा वर्षांचं पोर मालिकेच्या दोनशेव्या भागात येऊन बसल्यासारखं गोंधळतं. अमेरिकेत ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने हे ओळखून 1991 मध्ये शाळांसाठी वेगळी ‘क्लासरूम एडिशन’ काढली. मूळ दैनिकातलेच लेख निवडून, सोपे करून, सोबत शिक्षकांसाठी मार्गदर्शिका. त्यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ती मार्गदर्शिका. वर्गातला पेपर वाचला जातो की नाही, हे शिक्षकाने आदल्या रात्री त्या अंकाला किती वेळ दिला त्यावर ठरतं. तुमच्याकडे रोजचं दैनिक येणार आहे, तेव्हा मार्गदर्शिका तुम्हालाच व्हावं लागेल.

भाषेचंही आहे. तुमचं दैनिक इंग्रजी असेल असं धरून चालतो, कारण शाळेत अर्थविषयक पेपर म्हणजे बहुतेक वेळा तेच येतं. मराठी माध्यमाच्या मुलांना त्याचं एक पान म्हणजे डोंगर. मी दोन्ही एकत्र ठेवत असे. इंग्रजी पेपर, आणि त्याच विषयावरचं मराठी दैनिकाचं अर्थपान किंवा सोमवारची ‘लोकसत्ता’ची ‘अर्थवृत्तान्त’ पुरवणी. मुलं आधी मराठीत वाचायची, मग इंग्रजीत तीच बातमी शोधायची. ओळखीच्या माणसाला परगावच्या स्टँडवर भेटल्यासारखं होतं त्यांना. कागद गुलाबी असेल तर मुलं त्याला ‘गुलाबी’च म्हणतात. विचारलं तर सांगा, लंडनच्या ‘फायनान्शियल टाइम्स’ने 1893 मध्ये इतर पेपरांच्या गर्दीत उठून दिसावं म्हणून हा रंग घेतला. तेवढ्यावर दोन मिनिटं छान जातात.

पण भाषेपेक्षा मोठी अडचण शब्दांची असते, आणि ती मराठीतही तेवढीच असते. ‘महागाई दर घटला’ हा मथळा फळ्यावर लिहा आणि विचारा, म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या का? सगळा वर्ग हो म्हणेल. दर घटला म्हणजे भाव अजून वाढतच आहेत, फक्त वाढण्याचा वेग मंदावलाय. उतारावरून निघालेल्या सायकलचं उदाहरण मी द्यायचो. ब्रेक दाबला, वेग कमी झाला, तरी सायकल पुढेच चालली आहे. हे एकदा डोक्यात बसलं की मूल पुढच्या महिन्यात तो मथळा पाहून थांबतं. मथळ्यापाशी थांबून ‘म्हणजे नक्की काय?’ असं ज्याला वाटलं, तो आत जातो.

7 फेब्रुवारी 2025 ला रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने थोड्या मुदतीचं कर्ज देते तो दर, 6.50 वरून 6.25 टक्क्यांवर आणला. जवळजवळ पाच वर्षांनी कपात झाली होती, त्यामुळे सगळ्यांच्या पहिल्या पानावर तीच बातमी. इंग्रजी पेपरात ‘25 बेसिस पॉइंट’, मराठीत ‘पाव टक्का’. अकरावीतला एक मुलगा उभा राहिला, चेहरा खुललेला: ‘सर, आमच्या घराचा हप्ता पाव भागाने कमी होणार!’ त्याच्या वडिलांनी घर बांधायला कर्ज काढलं होतं. मी फळ्यावर 25 लाख लिहिले, मुदत 20 वर्षं, व्याज 8.5 टक्के. हप्ता येतो सुमारे 21,696 रुपये. 8.25 टक्क्यांनी काढला की सुमारे 21,302. फरक 394 रुपये. ‘पाव भाग’ म्हणून त्याने मनात धरले होते पाच हजारांच्या वर.

त्याचा चेहरा पडला, पण तास तिथून खरा सुरू झाला. एका मुलीने विचारलं, महिन्याला 394 तर 20 वर्षांचे किती? जवळजवळ साडेचौऱ्याण्णव हजार. दुसऱ्याने घरी विचारून आणलं की बँकेने हप्ता तेवढाच ठेवलाय, मुदत कमी केली आहे. बऱ्याच बँका तसंच करतात. तिसऱ्याचा प्रश्न, आमचं कर्ज पतसंस्थेचं, तिथेही कमी होणार का? बँकांची नवी बदलत्या दराची घरकर्जं 1 ऑक्टोबर 2019 पासून रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधलेली आहेत. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या देखरेखीखाली चालतात, त्यांना हा नियम लागू नाही. एका बातमीच्या मागे लागून मुलांनी हे सगळं आठ दिवसांत स्वतः गोळा केलं. त्या शुक्रवारी खोट्या मथळ्यावर खूण करणारी चिठ्ठी एकही नव्हती.

आमच्या भागात तर कांदा आहे. लासलगाव जवळ, वर्गातली निम्मी मुलं कांद्याच्या घरची. पेपरात भाव येतो तो क्विंटलचा: किमान, कमाल, सरासरी. समजा किमान 700, कमाल 2,100, सरासरी 1,750. दहावीतल्या एका हुशार मुलीने 700 आणि 2,100 यांची बेरीज करून दोनाने भागलं, 1,400 आले, आणि तिने पेपर चुकला म्हणून मला दाखवलं. मलाही धड उत्तर देता येईना. तिने घरी आजोबांना विचारलं. आजोबा म्हणाले, ‘अगं, ज्या भावाला जास्ती ट्रॅक्टर गेले तो भाव. 700 ला एखादा खराब माल जातो, 2,100 ला एखादी निवडक ट्रॉली.’ दुसऱ्या दिवशी तिने हे वर्गात सांगितलं आणि मागच्या बाकावरून आवाज आला, ‘म्हणजे बहुलक!’ सांख्यिकीच्या धड्यातला बहुलक, जास्तीत जास्त वेळा येणारी किंमत. सरकारी बाजारभावाच्या तक्त्यात तिला ‘मोडल’ भाव म्हणतात, तो हाच. आजोबा चौथी शिकलेले होते. त्या दिवसापासून त्या घरात पेपरचा एक वाचक वाढला, आणि तो माझ्या एकाही आकड्यात कधी दिसला नाही. म्हणून पुढे मी प्रती पाळीपाळीने घरी न्यायला देऊ लागलो. तुम्हीही 50 पैकी 20 तरी घरी जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी परत आणायची सक्ती करू नका. एवढंच विचारा, घरात आणखी कोणी बघितला? तुमच्या 200 मधले खरे वाचक निघाले तर तिथून निघतील.

कांद्याचीच दुसरी गोष्ट. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने निर्यातबंदी घातली. लासलगावसह ठिकठिकाणी लिलाव बंद पडले. माझ्या वर्गात शेतकऱ्याची मुलं होती, तशी नोकरदाराचीही होती. एकाच बातमीवर एक म्हणाला ‘वाटोळं झालं’, दुसरी म्हणाली ‘आई म्हणते बरं झालं, स्वस्त होईल’. भांडण व्हायची वेळ आली. मी दोघांना सांगितलं, मे महिन्यापर्यंत या बातमीच्या मागे राहा आणि कात्रणं चिकटवा. 4 मे 2024 ला बंदी उठली, पण टनाला 550 डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याखालच्या भावाने निर्यात करता येत नाही) आणि 40 टक्के शुल्कासह. सप्टेंबरमध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क 20 टक्क्यांवर आलं. 1 एप्रिल 2025 पासून शुल्कही गेलं. तोवर ती मुलं शाळा सोडून गेली होती, तरी दोघांपैकी एकाने ती वही पूर्ण करून मला आणून दाखवली. एकच बातमी सव्वा वर्ष वाचणं, याला मी वाचक म्हणतो.

तुमच्या गावात कांदा नसेल, ऊस असेल, बेदाणा असेल, यंत्रमाग असेल. जे असेल तिथून सुरू करा. सेन्सेक्सपासून सुरू करू नका.

22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा वह्यांवरचा 12 टक्के कर शून्य झाला. पेन्सिल, शार्पनर, खोडरबरही करमुक्त झाले. मुलांच्या दप्तरातली बातमी. मी तेव्हा निवृत्तीच्या उंबरठ्यावर होतो, तरी हा तास सोडवेना. मुलांना सांगितलं, आज ओळखीच्या दुकानात जाऊन 200 पानी वहीची किंमत बघून या, आठ दिवसांनी पुन्हा बघा. कर गेला म्हणजे किंमत 12 टक्क्यांनी उतरायला हवी, असं सगळ्यांनी धरलं होतं. आधी ते गणित केलं. 100 ची वस्तू करासह 112 ला होती, ती 100 ला आली, तर घट 12 भागिले 112, म्हणजे 10.7 टक्के. बारा नव्हेच. शिवाय करमाफ मालावर उत्पादकाला आधी भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे पुठ्ठा, शाई, वाहतूक यांवरचा कर त्याच्या खर्चात बसतो. एका दुकानदाराने मुलांना जुन्या मालावरची छापील किंमत दाखवली, दुसऱ्याने ‘तुमच्या मास्तरला पाठवा’ म्हणून हाकललं. मुलं आठ दिवसांनी परत गेलीच. त्या पंधरवड्यात जीएसटीची प्रत्येक बातमी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली जात होती, मी न सांगता.

जुलै 2024 मध्ये तिन्ही मोठ्या मोबाइल कंपन्यांनी रिचार्ज महाग केले तेव्हाही असंच झालं. त्यावर जास्त लिहीत नाही, तुम्ही वर्गात विषय काढून बघा.

आता दोन गोष्टी जपायच्या.

पहिली शेअरची पानं. मुलग्यांचा ओढा तिकडेच असतो, आणि आता प्रत्येकाच्या मोबाइलवर कोणी ना कोणी पैसे दुप्पट करायला शिकवतंय. काल्पनिक पैशांच्या शेअर स्पर्धा मी दोन वर्षं घेतल्या आणि बंद केल्या. आठ आठवड्यांच्या स्पर्धेत जो सगळ्यात बेफाम डाव लावतो तोच जिंकतो, आणि वर्ग त्याच्यासाठी टाळ्या वाजवतो. त्याऐवजी एक कंपनी निवडून वर्षभर तिचे तिमाही निकाल वाचायला लावले. बारावीच्या ‘चिटणिसाची कार्यपद्धती’ या विषयात शेअर, कर्जरोखे, लाभांश सगळं आहेच, ते इथे जिवंत होतं. आणि सप्टेंबर 2024 मधला सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचा, अभ्यास वर्गात जरूर वाचा. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये (शेअरच्या पुढच्या भावावर केलेल्या सौद्यांत) उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात गेले, एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. हा आकडा वाचल्यावर वर्ग शांत होतो. एखादं पोर तास संपल्यावर मागे थांबतं, ‘सर, माझा मोठा भाऊ...’ म्हणत. तेव्हा घाई करू नका, त्याचं ऐकून घ्या.

दुसरी गोष्ट शिकायला मला एक वाईट प्रसंग लागला. पेपरात बँकांच्या ताबा नोटिसा येतात. कर्ज थकलं की तारण मालमत्तेचा ताबा घेतल्याची जाहीर सूचना, नाव, पत्ता, रकमेसकट. 2002 च्या ‘सरफेसी’ या कर्जवसुलीच्या कायद्याने तशी ती छापावी लागते. तारण, थकबाकी, ताबा हे शब्द शिकवायला उत्तम, म्हणून मी स्थानिक मराठी पेपरातली एक नोटीस वर्गात वाचायला दिली. तीन-चार ओळी झाल्या आणि वाचणारी मुलगी थांबली. नाव तिच्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीच्या काकांचं होतं. ती मैत्रीण समोरच होती. तिने मान खाली घातली ती तास संपेपर्यंत वर केली नाही. मी संध्याकाळी तिच्या घरी जाऊन माफी मागितली, पण ते गेलं ते गेलं. त्यानंतर मी नोटीस शिकवली ती लांबच्या शहरातली, नावं पट्टीने झाकून, आणि अंक वर्गात वाटण्याआधी मधली पानं स्वतः चाळून. तुमचं गाव लहान आहे. हे विसरू नका.

शेवटी पतसंस्थेविषयी. देणगी घ्या, जरूर घ्या. गावातल्या संस्थेने गावच्या पोरांच्या हातात पेपर द्यावा यात काही वावगं नाही. संस्थेचं नाव पेपरच्या पेटीवर लावा, वार्षिक अहवालात आभार माना. पण पहिल्याच बैठकीत एक गोष्ट बोलून घ्या: कोणती बातमी शिकवायची हे शाळा ठरवेल. नाहीतर पुढे अडचण होऊ शकते. ठेव विम्याचं घ्या, म्हणजे बँक बुडाली तर ठेवीदाराला ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे देणारा विमा. 2019 मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, ठेवीदार बँकेच्या दारात रडताना दिसले, आणि 4 फेब्रुवारी 2020 पासून ठेव विम्याची मर्यादा 1 लाखावरून 5 लाख झाली. ही बातमी शिकवताना कोणीतरी विचारणारच, ‘आपल्या पतसंस्थेत ठेवले तर?’ खरं उत्तर असं की हा विमा बँकांच्या ठेवींना आहे, त्यात नागरी सहकारी बँकाही येतात, पतसंस्था येत नाहीत. पतसंस्थेच्या पैशाने आलेला पेपर हातात धरून हे उत्तर तुम्हाला देता आलं पाहिजे. आमच्याकडे मदत देणाऱ्या संस्थेच्या व्यवस्थापकांना मी उलट वर्गातच बोलावलं. त्यांनी स्वतः मुलांना सांगितलं की आम्हाला हा विमा नाही, म्हणून आम्ही तरलता, म्हणजे हाताशी रोकड, किती ठेवतो, लेखापरीक्षण कोण करतं, वसुली कशी करतो. मुलांनी अर्धा तास प्रश्न विचारले. मोकळेपणाने बोलणारा माणूस असेल तर संस्थेचीही पत वाढते. आणि तुमच्याकडचे संचालक ‘असले विषय नकोत’ म्हणाले, तर 50 ऐवजी पाच प्रती स्वतःच्या वर्गणीतून आणा. पाच प्रतींवरही वर्ग चालतो, मी दोन वर्षं चालवलाय.

पत्रात काय लिहायचं, त्याचा कच्चा मसुदा देतो, तुमच्या शब्दांत करून घ्या:

‘आपण द्याल त्या 50 प्रती नववी ते बारावीच्या अमुक इतक्या मुलांपर्यंत पोचतील. त्यातली किती मुलं नियमित वाचतील हे आज आम्ही सांगू शकत नाही. वर्षातून तीन वेळा शुक्रवारी नाव न लिहिता चिठ्ठी घेऊन, शेवटचा अंक किती मुलांनी उघडला आणि किती जणांना बातमी सांगता आली, हे दोन आकडे आम्ही आपणांस दर वेळी कळवू. पहिले आकडे कमी असतील. बातम्यांची निवड शाळेकडे राहील.’

पहिली चिठ्ठी पेपर सुरू होण्याच्या आधीच घ्या, घरच्या पेपरावर. म्हणजे कुठून सुरुवात केली ते कळेल. दुसरी दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच घेऊ नका, सुट्टीत सगळं विसरलेलं असतं. डिसेंबरच्या मध्यावर घ्या. तिसरी 1 फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पानंतरच्या आठवड्यात. बारावीची मुलं तेव्हा परीक्षेच्या तोंडावर असतात, त्यांना वगळा, आणि वगळलं हे अहवालात लिहा. पाचवा, खोटा मथळा दर वेळी नवा करायचा. माझ्याकडे जुन्या मथळ्यांची एक वही आहे, हवी असेल तर पाठवतो.